पोराच्या डोक्यावरून गेलेली उडी

बिश्केकच्या जुन्या स्टेडियममध्ये लांब उडीच्या खड्ड्याला हात लावायचा असेल तर आधी बुरुलला विचारावं लागतं. गेल्या चौदा वर्षांत पाच डायरेक्टर आले नि गेले, खड्डा मात्र बुरुलचाच राहिला. नदीवरून वाळू आली की ती स्वतः चाळते, रोज सकाळी झारीने पाणी मारते, आणि दाताळं असं ओढते की वर एक ओरखडा दिसत नाही. कुणी खड्ड्यात सिगारेटचं थोटूक टाकलं तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो. किर्गिझ माणसाला आपल्या सात पिढ्यांची नावं तोंडपाठ असावी लागतात, त्यामुळे हा उद्धार नावानिशी आणि क्रमाने होतो.

अशी ही बाई. वय चौपन्न, गुडघे दुखरे, जीभ धारदार, आणि मन, खरं सांगायचं तर, लोण्याचं. पण ते लोणी तिने इतकं आत दडवून ठेवलंय की हाताला लागता लागत नाही. कोचकोरच्या खोऱ्यातल्या तिच्या गावी जाऊन विचारा, तिथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की बुरुल म्हणजे ती, जी अनारकानच्या लेकाच्या डोक्यावरून उडी मारून गेली.

झालं असं, की बुरुलचे पाय मुळातच कुणाच्या बापाचं ऐकणारे नव्हते. बाप मेंढपाळ, घरात पाच पोरी, ही मधली. शाळेच्या वाटेवर पाण्याचा पाट होता. बाकीच्या पोरी फळकुटावरून जायच्या, ही पाटावरून उडून जायची. कवायतीच्या मास्तरांनी ते पाहिलं आणि पंधराव्या वर्षी तिला शहरातल्या खेळाच्या वसतिगृहात नेऊन घातलं. एकोणिसाव्या वर्षी ती सहा मीटर दोन सेंटिमीटर उडाली. पुढे मोठ्या स्पर्धेला पाठवायचं ठरलं होतं, तेवढ्यात सोव्हिएत युनियनच फुटली. हिवाळ्यात वसतिगृहाची शेगडी बंद पडली, पोरींना घरी पाठवून दिलं, आणि मोजपट्टी कुणीतरी पडद्यांची मापं घ्यायला घरी नेली. बुरुल गावी परतली, एका ट्रॅक्टरवाल्याशी लग्न केलं, गाईंच्या धारा काढू लागली. उडीचं नाव तिने पुन्हा तोंडातून काढलं नाही.

शेजारी अनारकान राहायची. दोघी शाळेत एका बाकावर बसलेल्या. एकीच्या डब्यात भाकरी, दुसरीच्या डब्यात कुरुत, म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या गोळ्या, आणि खाणं एकत्र. अनारकानला नऊ वर्षं मूल नव्हतं. दवाखाने झाले, पिराच्या झाडाला चिंध्या बांधून झाल्या, सासूचे टोमणे तर रोजचे. दहाव्या वर्षी मुलगा झाला तेव्हा त्याचं नाव तिलेक ठेवलं, म्हणजे मागून घेतलेला. त्या पोराला सर्दी झाली तरी दोन्ही घरांत चूल पेटत नसे, इतका जीव.

तिलेक वर्षाचा झाला आणि पावलं टाकू लागला, तेव्हा पायबंद कापायचा दिवस ठरला. पोराच्या दोन्ही पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीचा दोर बांधून त्याला जमिनीवर अंथरलेल्या नमद्यावर बसवतात. लांबून शर्यत लावतात. जो पहिला येईल त्याने सुरी उचलायची आणि दोर कापायचा. कापणाऱ्याची चाल पोराच्या पायात उतरते म्हणतात, म्हणून आळशाला कुणी पळूच देत नाही. बायकांच्या शर्यतीत अनारकानने बुरुलला मुद्दाम उभं केलं. म्हणाली, तुझ्यासारखे पाय माझ्या लेकाला मिळू देत, मग मला काही नको.

आता शर्यत कुठून लावावी? तर टेकडीवरून खाली. आदल्या रात्री पाऊस झालेला, गवत ओलं. बुरुल सुटली ती सुटलीच. बाकीच्या बायका अर्ध्या वाटेवर स्कर्ट सावरत होत्या तेव्हा ही नमद्याच्या जवळ आली होती. आणि दोन पावलं उरली असताना तिला कळलं की आता थांबता येणार नाही. पाय घसरत होते, समोर पोर बसलेलं, वर बघून हसत होतं. थांबायला जावं तर पोर तुडवलं जाणार. तिने विचार केला नाही, विचाराला वेळच नव्हता. डावा पाय टेकला आणि ती उडाली. नमदा, पोर, सुरी, सगळं ओलांडून ती पलीकडे जाऊन पडली ती थेट जेवण मांडलेल्या दस्तरखानाच्या कडेला. घोडीच्या आंबट दुधाचं, किमिझचं, वाडगं लवंडलं. मग उठली, मागे आली, सुरी उचलली आणि दोर कापून मोकळी झाली. तिला वाटलं, छान निभावलं आपण.

कुणी टाळी वाजवली नाही. बसलेल्या पोराला ओलांडलं की पोर खुंटतं, हे आपल्याकडे कोण जाणत नाही? अनारकानच्या सासूने कपाळाला हात लावला. उपायही सगळ्यांना ठाऊक होता. ज्या वाटेने ओलांडलं त्याच वाटेने उलट ओलांडायचं, की दोष गेला. चारजणी पुढे झाल्या, बुरुलला म्हणाल्या, चल, परत मार उडी, संपव एकदाचं.

बुरुलने मारलीही असती. पण म्हातारी मधेच बोलली. ‘घोडी मोकाट सुटली की असंच व्हायचं. हिच्या नवऱ्याने हिलाच पायबंद घालायला हवा होता.’

लोक हसले. बुरुलने अनारकानकडे पाहिलं. वाटलं, ही काहीतरी बोलेल, आपली बाजू घेईल. अनारकान खाली मान घालून सांडलेलं किमिझ पुसत होती. तिचेही ओठ हलले होते, ते हसण्याने की रडण्याने हे देव जाणे. बुरुलला ते हसणंच वाटलं आणि तिचं डोकं फिरलं. मी पोर वाचवलं आणि मलाच घोडी म्हणता, म्हणाली. उडी मारायची तेव्हा मारीन, तुमच्या हुकमाने नाही. सुरी नमद्यावर टाकली, जिंकणाऱ्या बाईसाठी ठेवलेल्या लोकरीच्या शालीकडे बघितलंसुद्धा नाही, आणि घरी निघून गेली.

संध्याकाळपर्यंत राग उतरला होता. पण राग उतरला तरी ताठा उतरायला वेळ लागतो. अनारकानने तीन दिवस वाट पाहिली. चौथ्या दिवशी तिने दोन्ही अंगणांमधलं दार लावून घेतलं. ही बोलवील म्हणून ती बसली, ती येईल म्हणून ही बसली, आणि बावीस वर्षं गेली. वेड्यांचा बाजार, दुसरं काय म्हणायचं.

आणि तिलेक खरंच वाढेना. अनारकान दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने रेघ मारायची. रेघांवर रेघा बसू लागल्या. दहाव्या वर्षी पोर सात वर्षांचं दिसायचं. म्हातारी मरेपर्यंत म्हणत राहिली, ओलांडलेलं आहे ते. बुरुल चौकटीवरच्या रेघा पाहत नसे, पण पोर रस्त्याने जाताना पाही, आणि रात्र रात्र कूस बदलत राही. आपला त्या गोष्टीवर विश्वास नाही असं ती नवऱ्याला सांगायची. नवरा म्हणायचा, मग झोप ना. नवरा गेल्यावर तिने गाई विकल्या, मुलगी मॉस्कोला कामाला गेली, आणि बुरुल बिश्केकला येऊन स्टेडियम झाडू लागली. खड्ड्याकडे तिला कुणी पाठवलं नाही, तीच गेली. तिथली वाळू पाहून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. इतकी दगडी वाळू गाढवालाही लोळायला देऊ नये, म्हणाली.

सहा वर्षांनी एका दुपारी खड्ड्याच्या पलीकडे एक बुटका मुलगा येऊन उभा राहिला. अंगात कुस्तीच्या शाळेचा बनियन, कान लाल.

‘तुम्हीच बुरुल एजे ना? माझ्यावरून उडी मारलेल्या?’

एजे म्हणजे ताई. बुरुलच्या हातातलं दाताळं थांबलं. आईला ठाऊक आहे का तू इथे आलास ते, तिने विचारलं. तो म्हणाला, आईने सांगितलंय, शहरात त्या बाईपासून लांब राहायचं.

‘मग राहा की लांब.’

‘लांबच आहे. मधे खड्डा आहे.’

आणि त्याने तिथूनच, जागच्या जागी उभं राहून, खड्ड्यात उडी घेतली. बुरुल खाली वाकली. टाचांच्या खुणा बघितल्या, बोटांनी अंतर मोजलं, पुन्हा मोजलं. मग माक्सात बाइकेला, उड्यांच्या कोचला, बोलावून आणलं. माक्सातने पोराला वरपासून खालपर्यंत पाहिलं, त्याला फार वेळ लागला नाही, आणि म्हणाला की एजे, लांब उडीला लांब माणूस लागतो. बुरुल म्हणाली, तो उभा कुठे आहे ते बघू नकोस, पडतो कुठे ते बघ.

अशी सुरुवात झाली. शिकवायचा माक्सातच, पण वाळू बुरुल वाचायची. डावी टाच आधी का पडली, हात मागे का राहिला, सगळं ती खड्ड्यातून सांगायची. धावायला सुरुवात कुठून करायची त्याची खूण म्हणून बाकीची पोरं चिकटपट्टी लावतात. तिलेकला तिने काळ्या-पांढऱ्या लोकरीचा पीळ करून दिला, आणि तो देताना आपली सगळी गोष्ट, ताठ्यासकट, सांगून टाकली. म्हणाली, ‘उतार असो की पाठीला वारा, पाय आपल्या पुढे धावतात. मी मोजलं नाही म्हणून तुझ्या डोक्यावरून गेले. तू मोज. घाई झाली की मागे सरक.’

पोराची उंची एक मीटर पासष्टवर अडली ती अडलीच. उडी मात्र दरवर्षी पुढे जात होती.

मग यंदाच्या जूनमध्ये मध्य आशियाची अजिंक्यपद स्पर्धा बिश्केकला आली. पाच देशांचे झेंडे लागले. स्टेडियमला रंग दिला, बाकडी पुसली, आणि बुरुलला एक निळा अधिकृत टी-शर्ट मिळाला, जो तिला गुडघ्यापर्यंत येत होता. ताश्कंदहून आलेले मुख्य पंच शिस्तीचे होते. त्यांनी सकाळीच खड्ड्यावरच्या सगळ्यांना बजावलं, की यजमानांच्या मैदानावर लोकांची नजर आपल्यावर असते. उडी मारणाऱ्याशी किंवा त्याच्या माणसांशी स्पर्धा संपेपर्यंत कुणी एक शब्द बोलला, तर बोलणारा बाहेर जाईल आणि खेळाडूचीही चौकशी होईल. बुरुल म्हणाली, मी वाळूशी बोलते, ते चालतं का? पंच हसले नाहीत.

पुरुषांची लांब उडी दुपारी चारला होती. साडेतीनला खड्ड्याच्या अगदी जवळच्या कठड्याशी एक बाई येऊन बसली. पांढरा रुमाल, मांडीवर तळलेल्या बोर्सोकची पिशवी, गावाकडून मिनीबसने आल्यामुळे चेहरा धुळीने भरलेला. अनारकान. लेकाची उडी पाहायला ती पहिल्यांदाच आली होती. दोघींची नजरानजर झाली. बुरुलने दाताळं उचललं आणि गुळगुळीत वाळू पुन्हा एकदा गुळगुळीत केली.

चार वाजता डोंगरावरून वारा सुटला, तोही नेमका धावणाऱ्यांच्या पाठीवर. तिलेक पहिल्या उडीला धावला तो बाणासारखा. पडला आठ मीटरच्या पुढे, लोक उठून उभे राहिले, आणि लाल झेंडा वर गेला. पाय उडी घ्यायच्या फळीच्या दोन बोटं पुढे पडला होता. दुसऱ्या उडीला परत तेच, या वेळी चार बोटं. मधल्या काळात कझाक येरासिल, एक मीटर नव्वदचा, पाय म्हणजे नुसत्या काठ्या, सात मीटर अठ्ठ्याण्णव मारून निवांत पाणी पीत बसला. मागच्या बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलणारा एक जण म्हणाला की बुटक्याला फळी दिसत नसेल, कुणीतरी कडेवर घ्या. आजूबाजूचे हसले.

नियम असा की पहिल्या तीन उड्यांत एक तरी बरोबर हवी, आणि तीही पहिल्या आठांत बसणारी. नाहीतर चालू लागायचं. तिलेकच्या हाती एकच उरली होती. बुरुलने फळीपुढच्या मऊ पट्टीवरची खूण पाहिली होती आणि तिला सगळं समजलं होतं. वारा पाठीला आहे, पाय पुढे धावतायत, लोकरीची खूण एक बूटभर मागे घ्यायला हवी. एवढंच. सहा शब्दांचं काम.

तेवढ्यात कठड्यावरून हाक आली.

‘बुरुल.’

बावीस वर्षांत तिच्या नावाला तो आवाज लागला नव्हता. बुरुलच्या हातातलं दाताळं वाळूत रुतलं.

‘बुरुल, माझं पोर का चुकतंय गं?’

आता काय म्हणावं या नशिबाला? ज्या एका हाकेसाठी या बाईने इतकी वर्षं काढली, ती हाक आली ती नेमकी अशा वेळी, की ओ देता येईना. दहा पावलांवर ताश्कंदचे पंच उभे होते, आणि ते इकडेच बघत होते. एक शब्द बोलली असती तर तिलेकची तिसरी उडी उडायच्या आधीच संपली असती. बुरुलला माफी मागायची होती, सांगायचं होतं की हसलीस असं वाटलं म्हणून मी गेले गं. तिने तोंड फिरवलं आणि वाळू ओढू लागली.

‘अजून तोच ताठा,’ अनारकान म्हणाली आणि मागे सरून बसली.

ते शब्द बुरुलच्या काळजात घुसले. डोळे भरून आले म्हणून तिला वाळू नीट दिसेना, पण हात सवयीने ओढत राहिले. तिने तिलेककडेही पाहिलं नाही. उगाच कुणाला खूण वाटायला नको.

धावपट्टीच्या टोकाला तिलेक कंबरेवर हात ठेवून उभा होता. माक्सात बाइके वरून ओरडत होता, मोकळा धाव, मोकळा धाव, जे कोच लोक काही सुचेनासं झालं की ओरडतात. तिलेकने झेंड्यांकडे पाहिलं. सगळे त्याच्या तोंडासमोर, खड्ड्याच्या दिशेने फडफडत होते. मग त्याने आपल्या लोकरीच्या पिळाकडे पाहिलं. खाली वाकला, पीळ उचलला, एक बूट मागे ठेवला. उभा राहिला, थोडा विचार केला, आणि पुन्हा वाकून आणखी अर्धा बूट मागे सरकवला. बुरुलला ते दाताळ्याच्या दांड्यामागून दिसलं, आणि तिचा अडकलेला श्वास सुटला.

तिसरी उडी सात मीटर एकोणसत्तर. फळीच्या चांगली वीतभर अलीकडून उडाला होता, पण झेंडा पांढरा. पाचव्या क्रमांकाने तो पुढे गेला. अनारकानला त्यातलं काही कळलं नाही. झेंडा पांढरा दिसला, एवढ्यावर तिने शेजारच्या अनोळखी माणसाला बोर्सोक खाऊ घातले. चौथी उडी सात एक्याऐंशी. पाचवी सात ब्याण्णव. आता तो दुसरा होता, आणि मागच्या बाकावरच्या बियावाल्याचं तोंड बंद झालं होतं.

सहाव्या, शेवटच्या उडीला तिलेकने पीळ अर्ध्या बोटाने पुढे घेतला. सगळं स्टेडियम तालात टाळ्या वाजवू लागलं. तो धावला. फळीवर पाय पडला त्याचा आवाज कठड्यापर्यंत आला, स्वच्छ, ठाम. आणि मग तो बराच वेळ खाली आलाच नाही, निदान अनारकानला तरी तसं वाटलं. पांढरा झेंडा. वाऱ्याचा आकडा नियमात. फलकावर आठ मीटर सहा सेंटिमीटर उमटले आणि स्टेडियम डोक्यावर घेतलं लोकांनी.

पण अजून येरासिलची एक उडी बाकी होती. पहिला असलेला शेवटी उडतो. आणि त्याच्यासाठी खड्डा नीट करायचं काम कुणाचं? तर बुरुलचं. तिला आत लोळावंसं वाटत होतं, नाचावंसं वाटत होतं, आणि ती दाताळं घेऊन गुडघे सांभाळत उतरली. तिने त्या कझाक पोरासाठी वाळू अशी केली की आपल्या लेकीच्या लग्नाची चादरही कुणी इतकी सरळ घालत नसेल. कुठे खळगा नाही, कुठे उंचवटा नाही. कुणी म्हणायला नको, की बुरुलने वाळूत काही केलं.

येरासिल उडाला. उंच, सुंदर, बगळ्यासारखा. वाळू उसळली, आणि लोक गप्प झाले, कारण लांबून दोघांच्या उड्या एकाच जागी पडल्यासारख्या वाटत होत्या. बुरुलला दिसलं. टाचा पुढे होत्या, पण पडताना त्याचा डावा हात मागे टेकला होता, आणि मोजतात ते सगळ्यात मागच्या खुणेपासून. दोन बोटं कमी. तिला फलकाच्या आधी कळलं, पंचांच्या आधी कळलं, आणि ती दगडासारखी उभी राहिली. जीभ दातांखाली धरून, इतकी की नंतर दोन दिवस चहा पिता आला नाही. पंचांनी सावकाश मोजलं. आठ मीटर दोन.

मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात ना, ते त्या दिवशी बिश्केकमध्ये पंधरा हजार माणसांनी डोळ्यांनी पाहिलं. येरासिलच आधी धावत आला. दिलदार पोर. त्याने तिलेकला उचलून खांद्यावर घेतलं आणि म्हणाला, आता आलास माझ्या उंचीला. मग त्याने विचारलं, कारण कझाकांतही तीच रीत आहे, की बाबा रे, तुझा पायबंद कापला तरी कोणी? तिलेकने वरूनच खड्ड्याकडे बोट केलं. निळ्या टी-शर्टातली एक बाई दाताळ्याला धरून उभी होती आणि बाहीने नाक पुसत होती.

पंचांनी कागदावर सही केली, टोपी काढली आणि बुरुलजवळून जाताना म्हणाले की स्पर्धा संपली, आता वाळूखेरीज इतरांशीही बोलायला हरकत नाही. म्हणजे त्यांना विनोद कळत होता तर.

अनारकान कठडा ओलांडून खाली आली. पन्नाशीची बाई, पाय आधी टाकायचा की पिशवी हे तिला ठरवता येईना, शेवटी दोन्ही एकदम आले. लेकाला तिने कुरवाळलं, त्याचं कपाळ हुंगलं, त्याच्या केसांतली वाळू झटकली. मग ती आणि बुरुल समोरासमोर उभ्या राहिल्या.

‘मघाशी विचारलं तर तोंड शिवलं होतंस काय?’ अनारकान म्हणाली.

‘कामावर होते,’ बुरुल म्हणाली. ‘बोलले असते तर पोर गेलं असतं.’

अनारकानने पाठमोऱ्या पंचांकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं. समजायला तिला थोडा वेळ लागला, आणि समजल्यावर तिचा चेहरा पडला. तिने बुरुलचा हात धरला. त्या दिवशी मी हसले नव्हते गं, म्हणाली, सासूसमोर रडायची चोरी होती.

तिलेकने दोघींकडे पाहिलं आणि जाऊन सरळ वाळूत आडवा झाला, पदकासाठी बोलावत होते तरी. म्हणाला, ‘एजे, आता मारा एकदाची उलटी उडी. आई बावीस वर्षं थांबलीय.’

बुरुलने नाही म्हटलं नाही. तेव्हाच मारायला हवी होती, ती म्हणाली, चुकलंच माझं. वाकून तिने बूट काढले, मोजे काढले, टी-शर्टाची खालची कड कमरेला खोचली. तेवीस वर्षांचं पोर पडलेलं, रुंद छातीचं, त्याच्यावरून जायचं म्हणजे या गुडघ्यांना सोपं नव्हतं. तरी ती खड्ड्याच्या पलीकडच्या टोकाला गेली, दोन पावलं मागे सरकली, आणि खरंच धावणार, तोच अनारकानने मागून तिची बाही पकडली.

‘खबरदार.’

‘अगं, दोष जाईल. तूच तर—’

‘कसला दोष?’ अनारकानचा आवाज फाटला. ‘दरवर्षी चौकटीवर रेघा मारत बसले मी. पोर लांबीला वाढत होतं आणि मी उंची मोजत होते. तुझी ती उडी त्याच्या पायात गेलीय, बुरुल. परत घेतलीस तर याद राख.’

बुरुल मटकन वाळूतच बसली, आणि अनारकान तिच्या शेजारी. तिलेक दोघींच्या मधे पडून आभाळाकडे बघत हसत होता. त्याला कुणीतरी ओढून पदकाकडे नेलं. झेंडा चढला, गाणं वाजलं, तेव्हा या दोघी खड्ड्यातच उभ्या राहिल्या, एक अनवाणी, एकीच्या हातात रिकामी पिशवी.

गाणं संपल्यावर बुरुल म्हणाली, ‘माझी शाल राहिलीय तुझ्याकडे. जिंकले होते मी.’

‘ती मी वापरली. केव्हाच फाटली.’

‘मग नवी विण. काळी-पांढरी.’

विणते, म्हणाली अनारकान. अर्ध्या तासाने बायकांची तिहेरी उडी होती आणि वाळूत बसलेल्यांच्या खुणा तशाच होत्या. अनारकानने कोपऱ्यातलं दुसरं दाताळं उचललं आणि ओढायला लागली, वेडंवाकडं, एका अंगाला ढीग करत. बुरुलने दोन मिनिटं कशीबशी सोसलं. मग तिने आपल्या शाळेच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या सात पिढ्यांचा उद्धार सुरू केला, नावानिशी आणि क्रमाने, आणि अनारकान हसत हसत एकेका आजोबाला हजेरी देत गेली.